डीने डी कापला

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये टायपिंग आणि सायक्लोस्टाइलचं एक दुकान होतं. तिथे मी नऊ वर्षं टायपिस्ट होते. दुकानाच्या वर, लोखंडी जिन्याने चढून गेलं की अकरावी-बारावी सायन्सचा क्लास भरायचा. क्लासच्या फिजिक्सच्या नोट्स सर हाताने लिहून खाली पाठवायचे. मी त्या मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टाइप करायचे आणि मालक यंत्राचा दांडा फिरवून दोन-दोनशे प्रती काढायचे. मालक सिंधी, साठीचे. मला बेटी म्हणायचे आणि कामात चूक झाली की बहनजी.

टाइपरायटरवर इंग्रजी अक्षरं असायची, पण फिजिक्समधली अर्धी चिन्हं नसायची. थीटा नाही, डेल्टा नाही, वर्गमूळ नाही. तिथे जागा सोडायची आणि टाइप झाल्यावर टोकदार लेखणीने, मेणाचा कागद फाटणार नाही इतक्या हलक्या हाताने, ती चिन्हं कोरायची. माझा थीटा छान यायचा. कशासाठी कोरतेय ते मात्र माहीत नव्हतं.

माहीत नसण्याचं कारण आठवीत घडलं होतं. आमच्या शाळेत आठवीला मुलींना विचारायचे, पूर्ण गणित घेणार की लोअर? लोअर म्हणजे नुसतं अंकगणित, बीजगणित-भूमिती नाही. त्याऐवजी गृहशास्त्र. मला गणितात बरे मार्क होते. पण वडिलांनी फॉर्मवर सही करताना विचारलंसुद्धा नाही. "हिशेबापुरतं आलं की झालं," म्हणाले आणि पेनाचं टोपण लावलं. मी पुढची तीन वर्षं फ्रॉकला बटणपट्टी कशी लावायची ते शिकले. बाजूच्या वर्गातून भूमितीच्या बाईंचा आवाज यायचा.

तर एका दुपारी नोट्सचं शेवटचं पान चाललं होतं. खाली एक ओळ कमी पडत होती. वेगाचं सूत्र होतं, वर dx, खाली dt, मधे रेघ. त्याला दोन ओळी लागतात. मी बघितलं, वर डी आहे, खालीही डी आहे. वर-खाली सारखं असलं की कापायचं, हे तर लोअर गणितातही शिकवलं होतं. मी दोन्ही डी कापले आणि एका ओळीत x/t बसवलं. त्याच्या खालच्या त्वरणाच्या सूत्रातलेही कापले. पान नीट बसलं. खरं सांगते, मला स्वतःचं कौतुक वाटलं. सरांच्या लक्षात नाही आलं, माझ्या आलं.

दोनशे प्रती छापून वर गेल्या. अर्ध्या तासाने वरून हसण्याचा आवाज आला. शंभर मुलं एकदम हसली की पत्र्याचं छत वाजतं. मला कळलं नाही कशाला हसतायत. मग सर स्वतः जिना उतरून आले. हातात ते पान.

"मॅडम, तुम्ही डी कापलात?"

"हो. वर-खाली सारखाच होता."

सर मालकांकडे बघून म्हणाले, "आत्ताच पोरांना सांगून आलो, आपल्या टायपिस्टबाईंनी कॅल्क्युलस सोपं करून टाकलंय."

मग हसणं कशाचं होतं ते मला कळलं. तरी मी विचारलं, "पण का नाही कापायचा? मधे गुणाकार नाहीये का?"

"नाहीये. डी हे अक्षर नाहीच. हा एका क्षणाचा वेग आहे."

"एका क्षणात गाडी किती पुढे जाईल? काहीच नाही. मग वेग शून्य ना?"

सरांनी घड्याळ बघितलं. "ह्याला लिमिट यावं लागतं. लिमिटला फंक्शन. फंक्शनला अल्जिब्रा. तुमचं मॅथ्स कुठपर्यंत?"

"लोअर."

"मग सोडा," असं म्हणून ते वर गेले.

मालकांनी नवं स्टेन्सिल माझ्यापुढे सरकवलं. "बहनजी, जैसा लिखा है वैसा छापो. समझने का काम ऊपर होता है."

मी ते पान पुन्हा टाइप केलं. बोटं चालत होती आणि डोक्यात एकच होतं: मी प्रश्न तर बरोबर विचारला होता. उत्तर मात्र मिळालं नाही. चुकीचं मिळालं असतं तरी चाललं असतं.

तेव्हापासून मी विचारत सुटले. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत टर्नर होता. रोज साईनचं कोष्टक वापरायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "टेबलात बघायचं, मशीनला लावायचं. साईन म्हणजे काय ते टेबल छापणाऱ्याला विचार." आमच्या शेजारी एक बीएस्सी झालेले गृहस्थ होते, औषधाच्या कंपनीत. ते म्हणाले, "वहिनी, डी बाय डीटी हा ऑपरेटर आहे." मी म्हटलं, ऑपरेटर म्हणजे? ते म्हणाले, "म्हणजे ऑपरेट करतो." लायब्ररीतून सोप्या विज्ञानाचं एक पुस्तक आणलं. ते ग्रहांबद्दल फार गोड बोलायचं, आणि नेमक्या अडलेल्या जागी लिहायचं की गणिताने असे सिद्ध करता येते. येते ना, मग कर की! उलट अकरावीचं पुस्तक उघडलं तर पहिल्याच पानावर ते गृहीत धरायचं की मला सगळं येतं. एक पुस्तक मला लहान मूल समजत होतं आणि दुसरं इंजिनीयर. मधे कुणी माझ्यासाठी काही लिहिलेलंच नव्हतं.

मार्चमध्ये शाळांच्या वार्षिक परीक्षेचे पेपर छपाईला यायचे. अंबरनाथच्या एका प्राथमिक शाळेतल्या बाई सातवीच्या गणिताचा पेपर घेऊन यायच्या आणि छपाई होईपर्यंत समोर बसून राहायच्या, पेपर फुटू नये म्हणून. पन्नाशीच्या आसपासच्या, बारीक, जाड भिंगांच्या. त्या वर्षी त्यांचा पेपर टाइप करताना मी विचारलं, "बाई, वर-खाली सारखं असलं तरी कापायचं नाही, असं कधी असतं?"

"बेरीज असली की," त्या लगेच म्हणाल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "का विचारताय?"

मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला कॅल्क्युलस येत नाही. मी डीएड केलेली. मला बीजगणित येतं, तिथपर्यंत तुम्हाला नेते. पुढचं दोघी मिळून बघू. रविवारी याल का बदलापूरला?"

त्यांचं घर बदलापूर गावात, नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दोन खोल्या, मागे पडवी. यजमान वारलेले, मुलगी लग्न होऊन गेलेली. पडवीत एक पाट, त्यावर वह्या. पहिल्या रविवारी त्यांनी मला अपूर्णांक दिले आणि मी रागावले. अपूर्णांक येतात मला, म्हटलं. त्यांनी पाच गणितं दिली. तीन चुकली.

मग ऋण संख्या. त्यात तीन आठवडे गेले. ऋण गुणिले ऋण धन, हे मला पटेचना. "नियम आहे" म्हणून बाई सोडत नव्हत्या, आणि "पटत नाही" म्हणून मी सोडत नव्हते. तिसऱ्या रविवारी मी वही मिटली आणि रडकुंडीला येऊन म्हणाले, "आठवीत मला हे तेरा वर्षांची असताना शिकवायला हवं होतं. आता माझं डोकं दगड झालंय."

बाई उठल्या, आत जाऊन चहा ठेवला, परत आल्या. "तुमच्या घरी पाण्याचं पिंप आहे ना? ते गळतंय असं समजा. दर मिनिटाला दोन बोटं पाणी कमी होतं. म्हणजे ऋण दोन. तीन मिनिटांपूर्वी पाणी कुठे होतं?"

"सहा बोटं वर."

"तीन मिनिटांपूर्वी म्हणजे ऋण तीन. ऋण दोन गुणिले ऋण तीन?"

"धन सहा." मी मिटलेली वही पुन्हा उघडली. "हे पहिल्या रविवारी का नाही सांगितलंत?"

"आत्ता सुचलं," त्या म्हणाल्या. "चोवीस वर्षं पोरांना नियम म्हणूनच सांगत आले. कुणी रडलं नाही, म्हणून सुचलं नाही."

असं करत आम्ही वर सरकलो. कंस, समीकरणं, आलेख. बाईंची अक्षरं क्ष आणि य, नोट्समधली x आणि t. मराठी पुस्तक आणलं तर त्यात फलन, सीमा, अवकलन असले शब्द. इंग्रजी कळत नव्हतं म्हणून मराठीकडे गेलो आणि मराठी कळेना म्हणून इंग्रजीकडे परत आलो. पण दीड वर्षात मी अशी झाले की सूत्र टाइप करताना ते काय म्हणतंय ते अर्धंमुर्धं ऐकू यायला लागलं. एकदा अकरावीला विज्ञान शाखेत बाहेरून बसता येईल का, म्हणून एका कॉलेजच्या ऑफिसात चौकशीलाही गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, "सायन्सला बाहेरून नाही, प्रॅक्टिकल असतं. आर्ट्सला बसा ना, लेडीजना सोपं पडतं." मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली मार्कलिस्ट उचलली आणि निघाले.

मग आम्ही लिमिटपाशी आलो आणि आमचं भांडण झालं.

पुस्तकात लिहिलं होतं, डेल्टा टी शून्याकडे जाऊ द्या. म्हणजे वेळ इतका लहान घ्या की शून्य. अंतरही शून्य. मग एकाला दुसऱ्याने भागा.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "शून्याने भागता येत नाही."

"पण बाई, पुस्तकात..."

"पुस्तकात काही असो. मी इतकी वर्षं पोरांना एकच गोष्ट छातीठोकपणे सांगितलीय, शून्याने भागायचं नाही. भागलं की चूक, मार्क कापते मी. आणि हे मोठे लोक गुपचूप भागतात आणि त्याला वेगळं नाव देतात?"

"पुढे तरी जाऊ या. कदाचित पुढे कळेल."

"न कळता पुढे जायचं तर तुमच्या त्या सरांसारखंच झालं. मला ते चालणार नाही."

माझाही तोल गेला. "तुम्हाला स्वतःला येत नाही म्हणून तुम्ही मला अडवताय," असं मी म्हणाले. म्हणायला नको होतं. बाईंनी पाटावरच्या वह्या एकावर एक रचल्या, कडा जुळवल्या. "उशीर होईल तुम्हाला," एवढंच बोलल्या.

तीन महिने मी बदलापूरला गेले नाही. पहिले काही रविवार मी कपडे धुतले, डबे घासले आणि घरात सगळ्यांवर खेकसले. नवरा म्हणाला, "तू शिकत होतीस ते बरं होतं."

आमच्या चाळीत सकाळी सहाला पाणी यायचं. सुरुवातीला जोरात, मग सगळ्यांचे नळ उघडले की बारीक होत जायचं. एका सकाळी पिंप भरत असताना मला वाटलं, पाणी चढतंय तोही वेगच आहे की. मी शिवणाची टेप पिंपाच्या आतून कडेला चिकटवली. नवऱ्याला घड्याळ घेऊन उभं केलं. दर मिनिटाला त्याने हाक द्यायची, मी आकडा वाचायचा.

"तू पाणी भरतेस का मोजतेस?" तो म्हणाला.

"हाक दे."

पहिल्या मिनिटाला नऊ सेंटीमीटर. दुसऱ्याला सतरा, तिसऱ्याला चोवीस, चौथ्याला तीस. म्हणजे दर मिनिटाला चढणं कमी कमी. आता प्रश्न असा, की बरोब्बर तिसऱ्या मिनिटाला पाणी किती वेगाने चढत होतं? त्याच्या आधीच्या मिनिटात सात, नंतरच्या मिनिटात सहा. सात की सहा? दुसऱ्या दिवशी अर्ध्या अर्ध्या मिनिटाने मोजलं. पाण्याचा जोर रोज तोच नसतो, आकडे जुळेनात, दोन सकाळी तर शेजारणीने मधेच बादली लावली आणि मी तिच्याशी भांडले. पाचव्या दिवशी जुळले. तिसऱ्या मिनिटाच्या आधीच्या अर्ध्या मिनिटातला वेग निघाला मिनिटाला पावणेसात सेंटीमीटर, नंतरच्या अर्ध्यातला सव्वासहा.

सात आणि सहा. मग पावणेसात आणि सव्वासहा. दोन्ही बाजूंनी आकडे एकमेकांकडे येत होते. पाव मिनिट घेतलं तर अजून जवळ येतील. टेपवर इतकं बारीक वाचता येणार नव्हतं, पण न वाचताच दिसत होतं की दोघं साडेसहाला भेटायला निघालेत. मी नळ बंद करायला विसरले. पिंप वाहून पाणी दारापर्यंत गेलं. नवरा ओरडला. मी त्याला म्हटलं, "साडेसहा!" तो म्हणाला, "सव्वासहाच झालेत अजून."

त्या रविवारी कागद घेऊन मी बदलापूरला गेले. बाईंनी दार उघडलं, आत या म्हणाल्या, जुनं काही काढलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "आधी कागद दाखवा."

त्यांनी तो बराच वेळ बघितला. स्वतः सगळे भागाकार पुन्हा केले. मग म्हणाल्या, "ह्यात शून्याने कुठे भागलंय?"

"नाही भागलं."

"अर्धं मिनिट, पाव मिनिट... शून्याकडे सरकलात. पोचला कुठेच नाहीत."

"पण साडेसहा दिसतंय ना, न पोचता?"

"दिसतंय," बाई म्हणाल्या. मग एकदम त्यांचा आवाज चढला. इतक्या दिवसांत मी त्यांना कधी तसं बोलताना ऐकलं नव्हतं. "एवढंच होतं? पोचायचं नाही, फक्त कुठे चाललंय ते बघायचं? मग तसं लिहायला काय झालं होतं त्यांना?"

आनंद व्हायला हवा होता. झालाही, थोडा. पण दोघीही चिडून बसलो होतो. एक पिंप, एक टेप, पाच सकाळी. एवढ्यासाठी मला पत्र्याखाली शंभर मुलांचं हसणं ऐकावं लागलं आणि बाईंना पन्नाशी ओलांडावी लागली.

मी ते सगळं दोन पानांत मराठीत लिहून काढलं. पिंप, टेप, आकडे, डी म्हणजे अक्षर नाही तर "किंचितसा फरक" आणि तो का कापायचा नाही. सरांना दाखवलं. म्हटलं, नोट्सच्या सुरुवातीला जोडू या का? त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि ते खरंच म्हणाले, "चांगलं लिहिलंय." मग पानं परत दिली. "पण परीक्षेत हे विचारत नाहीत, मॅडम. पोरं म्हणतील, सर टाइमपास करतायत."

त्यांचा राग धरावा असंही काही नव्हतं. शंभर मुलं त्यांच्याकडे मार्कांसाठी येत होती. मी पानं पिशवीत ठेवली आणि पुढचं स्टेन्सिल चढवलं.

नव्वदनंतर मालकांनी सायक्लोस्टाइल काढून झेरॉक्स मशीन आणलं. क्लासच्या नोट्स बाहेरून कॉम्प्युटरवर छापून यायला लागल्या, त्यात थीटा आपोआप उमटायचा. मी एका वकिलांकडे टायपिंगला लागले. तिथे एकही सूत्र नव्हतं. रविवार मात्र चालू राहिले, महिन्यातून दोनदा, कधी एकदा. पडणारी वस्तू आम्हाला समजली. तिरकी फेकलेली वस्तू आली आणि पुन्हा सगळं अडलं, कारण त्यात साईन-कोसाईन होते, आणि बाईंची भूमिती त्रिकोणाच्या क्षेत्रफळापर्यंतच होती.

त्याच सुमारास बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याला आधीच कमी दिसायचं, वाचायला मनाई. मी भेटायला गेले तर पडवीत खुर्चीवर बसून होत्या. म्हणाल्या, "वाचा. तिरक्या फेकीचं."

"बाई, आकृतीशिवाय कसं होणार?"

"आकृती सांगा मला."

मी सांगायला लागले. एक तिरकी रेघ. तिच्या टोकापासून खाली जमिनीवर एक उभी रेघ. जमिनीवर एक आडवी.

"कोन कुठे?"

"खाली. जिथून फेकलं तिथे."

"कोसाईन कुठली बाजू?"

"आडवी... म्हणजे कोनाला लागून असलेली."

"तिरकीसुद्धा कोनाला लागूनच आहे."

मी पुस्तकात बघितलं. खरंच होती. "हो, पण ती नाही. दुसरी."

"दुसरी का?"

मी हाताने हवेत त्रिकोण काढला आणि त्यांना दिसत नाही हे आठवून हात खाली घेतला. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पुन्हा तिथेच अडले. बाई पट्टी बांधलेलं तोंड माझ्याकडे वळवून वाट बघत होत्या. चार वेळा झालं. शेवटी मी पुस्तक जोरात मिटलं, तो आवाज त्यांना ऐकू गेला.

"फाडू नका, लायब्ररीचं आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या यजमानांच्या कोष्टकात काय असतं? आकडे ना? शून्य अंशाला कोसाईन किती?"

"एक."

"आणि नव्वदला?"

"शून्य."

"म्हणजे सपाट फेकलं की सगळंच्या सगळं, आणि सरळ वर फेकलं की काहीच नाही. मग कोसाईन काय मोजतं सांगा. किती वर गेलं ते, की किती पुढे गेलं ते?"

"पुढे," मी म्हणाले. "किती पुढे."

"मग तीच आडवी बाजू," बाई म्हणाल्या. "आता साईनचं वाचा. आणि हळू वाचा, मला सगळं डोक्यात मांडायला लागतंय."